आतड्याच्या कर्करोगात मार्करच्या अहवालावरून पुढचे कितपत सांगता येते?

पाणंद (देवगड)

नमस्कार. माझ्या आईच्या (वय ६८) मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीचे ऑपरेशन पाच आठवड्यांपूर्वी कोल्हापूरला झाले. त्याआधी वर्षभर तिला चढ चढताना धाप लागत होती, हिमोग्लोबिन ७.८ पर्यंत उतरले होते आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या. आत कुठेतरी थेंबथेंब रक्त जात असेल, ही शंका गोळ्या देणाऱ्यांनाही आली नाही आणि मलाही आली नाही.

आता फाइलमध्ये जे आहे ते लिहितो. टप्पा दुसरा, टी३. काढलेल्या १९ लसीकाग्रंथींपैकी एकीतही आजार नाही. सीईए (रक्तात तपासले जाणारे मार्कर-प्रथिन) ऑपरेशनपूर्वी ११.२ होते, परवा २.४ आले. येथपर्यंत सगळे दिलासा देणारे आहे. परंतु त्याच अहवालात गाठीचे वर्णन 'पुअरली डिफरन्शिएटेड, म्युसिनस' (पेशी फार बिघडलेल्या, गाठ चिकट स्रावाची) असे आहे आणि शेवटच्या पानावर 'एमएलएच१ व पीएमएस२ : लॉस ऑफ एक्स्प्रेशन' अशी एक ओळ आहे. डॉक्टरांचे म्हणणे असे की केमोची गरज नाही, मात्र बीआरएएफ नावाच्या जनुकाची एक तपासणी त्याच गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) करून घ्यावी. मुंबईचे मामा म्हणतात की 'पुअरली' असे स्पष्ट लिहिलेले असताना केमो न देणे म्हणजे बहिणीला वाऱ्यावर सोडणे आहे. आई मला एकट्याला गाठून विचारते, "माका खरा काय ता सांग."

या मार्करवरून तिचे पुढे काय होईल हे खरोखर सांगता येते का? आणि एकाच अहवालातल्या दोन ओळी दोन दिशांना ओढत असतील, तर कोणती धरायची? जाणकारांनी आणि या वाटेने गेलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

रातांबा (गुहागर)

सीईएपुरते माझ्या अनुभवावरून लिहितो. २०१९ मध्ये डाव्या बाजूच्या गाठीचे माझे ऑपरेशन झाले, टप्पा तिसरा, नंतर सहा महिने केमो. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी सीईए करतो. तिसऱ्या वर्षी आकडा ३.२ वरून ६.८ वर गेला. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी चिपळूणच्या एसटी स्टँडवर उभा होतो आणि गाडी लागली तरी मला पाऊल उचलता येईना, एवढे आठवते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो विडीचा. मी पुन्हा ओढू लागलो होतो आणि घरात कोणाला ठाऊक नव्हते. धूम्रपान करणाऱ्यांचे सीईए मुळातच थोडे चढे असते, हे मला तेव्हा कळले. तरीही त्यांनी तेवढ्यावर सोडले नाही. सीटी स्कॅन केला, तो स्वच्छ निघाला, आणि महिन्याने त्याच प्रयोगशाळेत रक्त पुन्हा तपासले. विडी सुटली, आकडा ४ च्या खाली आला. म्हणून सांगतो, एका आकड्यावर जीव टांगू नका. आकडे ओळीने वहीत लिहून ठेवा आणि शक्यतो प्रयोगशाळा बदलू नका, कारण पद्धत बदलली की आकडाही थोडा सरकतो.

जांभा (रत्नागिरी)

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या आईच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे उपचाराचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. परंतु अहवालातल्या ओळी कशा वाचायच्या, हे सांगता येईल.

आधी सीईए. हे प्रथिन माँट्रिऑलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये शोधले. गर्भाच्या आतड्यात ते असते, जन्मानंतर अत्यल्प उरते आणि आतड्याच्या पुष्कळशा कर्करोगांत पुन्हा वाढते. यकृताचे आजार, आतड्याची दीर्घकालीन सूज, स्वादुपिंडाचा दाह यांतही ते वाढत असल्यामुळे कर्करोग आहे की नाही हे शोधण्यासाठी ते वापरत नाहीत. त्याचा खरा उपयोग ऑपरेशननंतर होतो. गाठ पूर्ण निघाली असेल, तर चार ते सहा आठवड्यांत आकडा ५ नॅनोग्रॅमच्या आत यायला हवा. ११.२ वरून २.४ हा उतार अगदी अपेक्षेप्रमाणे आहे, आणि आईच्या गाठीत सीईए तयार होत होते हे कळल्यामुळे पुढील पाच वर्षे तो आकडा पाहण्याला अर्थही आहे.

आता शेवटच्या पानावरची ओळ. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तीत चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिने असतात : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. ती जोडीजोडीने काम करतात. एमएलएच१ नाहीसे झाले की त्याच्या आधाराने टिकणारे पीएमएस२ही टिकत नाही, म्हणून आईच्या अहवालात दोन्ही एकत्र गेलेली दिसतात. बिघाड बहुतेक एकच आहे. ही प्रथिने असतील तिथे तपकिरी होणारा रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली हे फार स्पष्ट दिसते. गाठीच्या पेशींची केंद्रके फिकट निळी राहतात आणि त्यांच्यातच शिरलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची केंद्रके गडद तपकिरी रंगतात. त्या तपकिरी पेशी दिसल्या की रंगप्रक्रिया नीट झाली याची खात्री पटते आणि गाठीतले निळेपण खरे मानता येते.

दुरुस्ती बंद पडलेल्या अशा गाठींना एमएसआय-हाय म्हणतात. आतड्याच्या कर्करोगांत त्या सुमारे १५ टक्के असतात, आणि बऱ्याचदा उजव्या बाजूच्या, म्युसिनस, 'पुअरली डिफरन्शिएटेड' अशाच असतात. दिसायला त्या आक्रमक, पण दुसऱ्या टप्प्यात वागायला इतरांपेक्षा सौम्य. त्यांच्यात हजारो चुका साठलेल्या असल्यामुळे परकी वाटणारी प्रथिने तयार होतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा ती ओळखते आणि गाठीत लिम्फोसाइट दाटीने शिरतात. म्हणूनच एरवी जोखमीत मोजला जाणारा 'पुअरली' हा शब्द एमएसआय-हाय गाठीत जोखीम म्हणून धरत नाहीत. मामांना हे वाक्य जरूर वाचून दाखवा. दोन ओळी एकमेकींविरुद्ध नाहीत. दुसरी ओळ पहिलीचा अर्थ बदलते.

केमोबद्दल : अशा गाठींमध्ये नुसत्या फ्लुओरोयुरॅसिलचा फायदा होत नाही, हे २००३ पासून पुढे आलेले आहे. एरवीही दुसऱ्या टप्प्यात केमोचा लाभ थोडा असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वासार या ब्रिटिश अभ्यासात तो पाच वर्षांच्या हिशेबात शंभरातील तीन-चार जणांपुरता होता. मात्र हे दुसऱ्या टप्प्याचे बोलणे आहे. लसीकाग्रंथीत आजार असता, तर ऑक्सॅलिप्लॅटिनसह केमो एमएसआय-हाय असूनही सुचवली गेली असती.

सुरंगी (वेंगुर्ले)

जांभा, माझा टप्पाही दुसराच आहे आणि माझ्या अहवालात चारही प्रथिने 'इन्टॅक्ट' आहेत. म्हणजे माझे पुढचे वाईट, असे समजायचे का?

जांभा (रत्नागिरी)

अजिबात नाही. बहुसंख्य रुग्णांची चारही प्रथिने शाबूतच असतात आणि दुसऱ्या टप्प्यातील बहुतेक जण ऑपरेशननेच बरे होतात. तुमच्या बाबतीत बाकीच्या गोष्टी पाहतात : गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणातून आरपार गेली होती का, आतडे फुटले किंवा तुंबले होते का, १२ पेक्षा कमी लसीकाग्रंथी तपासल्या का, रक्तवाहिन्यांत पेशी दिसल्या का. यांपैकी काही असेल तर केमोविषयी बोलायचे.

वेसवी (दापोली)

एवढ्या ओळी जुळवत बसण्यापेक्षा रक्तातल्या गाठीच्या डीएनएची तपासणी, म्हणजे सीटीडीएनए, करून का घेऊ नये? ऑस्ट्रेलियातील डायनॅमिक या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दुसऱ्या टप्प्याचे ४५५ रुग्ण होते. काहींच्या केमोचा निर्णय या रक्ततपासणीवर सोपवला, काहींचा नेहमीच्या पद्धतीने घेतला. तपासणीच्या गटात १५ टक्के जणांना केमो द्यावी लागली, नेहमीच्या गटात २८ टक्के जणांना. आणि दोन वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते, ९३.५ आणि ९२.४ टक्के. माझ्या भावाची तपासणी आम्ही केली. रक्तात काहीही सापडले नाही आणि आमचे घर पुन्हा झोपू लागले. पैशाचा विचार करून हे टाळू नये, असे माझे मत आहे.

आगोट (कुडाळ)

वेसवी, मी केमोच्या वॉर्डात बारा वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे आणि या मताशी मी सहमत नाही. तपासणी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. उत्तर काहीही आले तरी निर्णय बदलणार नसेल, तर त्या उत्तरासाठी घरातील सोने गहाण पडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. पाणंद यांच्या आईला केमो नको, हे एमएसआयवरून आधीच ठरत आहे. रक्तात काही सापडले नाही, तर केमो नाहीच. सापडले, तर कोणते औषध द्यायचे यावर अशा गाठींसाठी आजही ठोस सहमती नाही. मग हाती येईल ते काय? तीन महिन्यांची काळजी.

दुसरे असे की रक्तात काही न सापडणे म्हणजे आजार नसणे नव्हे. रक्त निर्मळ निघूनही आजार उलटलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या घरच्यांनी त्या कागदावर भरवसा ठेवून पुढची कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीने तपासणी) लांबवली होती.

वेसवी (दापोली)

तुमचा अनुभव मोठा आहे आणि एमएसआयचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण झोप लागणे हेही काही कमी नाही, एवढे मात्र मी म्हणेन. भावाची कोलोनोस्कोपी आम्ही चुकवलेली नाही.

बावनदी (संगमेश्वर)

मार्करवरून दोन वेगळ्या गोष्टी कळतात आणि आम्हां घरच्यांची गल्लत तिथेच होते, म्हणून लिहिते. एक, आजार कसा वागेल. दुसरी, अमुक औषध लागू पडेल की नाही.

माझ्या यजमानांचा आजार यकृतात पोहोचल्यावर कळला. शेजारच्या गावातील एकांना त्याच आजारात सेटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शन मिळत होते. यजमानांना ते दिले गेले नाही. आम्ही सरकारी योजनेतून उपचार घेत होतो, म्हणून महागडे औषध आम्हाला नाकारले, असा समज मी मनाशी धरला आणि तो सल चार महिने बाळगला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडून 'केआरएएस, कोडॉन १२, म्युटेशन डिटेक्टेड' ही ओळ दाखवली. पेशीच्या दारावरची घंटा हे औषध बंद करते, पण केआरएएस हे जनुक बिघडले असेल तर घंटा न वाजताही आत काम चालूच राहते, असे त्यांनी समजावले. सुमारे ४० टक्के रुग्णांत हा बिघाड असतो आणि त्यांना हे इंजेक्शन लागू पडत नाही, हे २००८ पासून माहीत आहे. पैसे खर्चून त्यांना अंगावर पुरळ तेवढे मिळाले असते.

यजमान आज नाहीत. पण ती ओळ मला पहिल्याच दिवशी कोणी वाचून दाखवली असती, तर ते चार महिने मी त्यांच्याजवळ वेगळ्या मनाने बसले असते. पाणंद, तुम्ही प्रत्येक ओळ विचारून घ्या.

ओवळ (मालवण)

इम्युनोथेरपीने (शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला कामाला लावणाऱ्या औषधाने) बारापैकी बाराही रुग्ण बरे झाले, असा संदेश आमच्या वाडीच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतो. काकांना मलाशयाचा कर्करोग आहे. ते रेडिएशन घ्यायला तयार नाहीत, त्या औषधासाठी अडून बसले आहेत. हे औषध या मार्करशी जोडलेले आहे का?

जांभा (रत्नागिरी)

होय, आणि संदेशात नेमके तेवढेच गाळलेले असते. डोस्टार्लिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा तो अभ्यास न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग येथील असून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या बाराही रुग्णांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली, हे खरे आहे. परंतु ते बाराही जण मलाशयाच्या गाठीत दुरुस्ती-प्रथिने नसलेले रुग्ण होते, आणि मलाशयात अशा गाठी थोड्याच असतात. काकांच्या बायोप्सीवर ही चार प्रथिने तपासली आहेत का, ते आधी पाहा. नसल्यास आजच विनंती करा, बायोप्सीचा तुकडा पुरेल. चारही शाबूत निघाली तर हे औषध त्यांच्यासाठी नाही, आणि रेडिएशन लांबवण्यात वेळ जाऊ नये. नाहीशी निघाली, तर डॉक्टरांशी वेगळीच चर्चा होऊ शकते. पसरलेल्या आजारातही हाच मार्कर वाट दाखवतो : २०२० च्या कीनोट-१७७ या अभ्यासात अशा रुग्णांचा आजार पेम्ब्रोलिझुमॅब या तशाच औषधावर १६.५ महिने, तर केमोवर ८.२ महिने आटोक्यात राहिला. हे मध्यांक आहेत. निम्म्या रुग्णांत त्याहून अधिक काळ.

काजरा (राजापूर)

माझ्या धाकट्या भावाचा बीआरएएफ पॉझिटिव्ह आला होता. अहवाल आल्यापासून चौदा महिने. यापेक्षा जास्त आज लिहवत नाही.

पाणंद (देवगड)

काजरा, तुमचे वाचून बराच वेळ काहीच लिहिता आले नाही. मन घट्ट करून लिहितो आहे, कारण आमचा अहवाल आज आला आणि त्यातही तेच आहे : 'बीआरएएफ व्ही६००ई : डिटेक्टेड'.

ब्लॉक मीच कोल्हापूरहून घेऊन आलो होतो. दोन बोटांत धरता येईल एवढी प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात पांढरे मेण आणि मेणात नखाएवढा करडा तुकडा. आईला धाप लावणारी गोष्ट एवढीशी होती. उन्हाचे दिवस, मेण मऊ होईल या भीतीने कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या धरली आणि मुंबईपर्यंत डबी मांडीवर ठेवून बसलो. तिचे हे उत्तर येईल असे वाटले नव्हते. आईला अजून काही सांगितलेले नाही. जांभा, जमेल तेव्हा लिहावे.

जांभा (रत्नागिरी)

लगेच लिहितो. काजरा यांच्या दुःखापुढे आकडेवारी मांडताना संकोच वाटतो, परंतु पाणंद यांना हे आजच कळायला हवे.

तो एकच शब्द दोन अहवालांत दोन अर्थांचा असतो. दुरुस्ती-प्रथिने शाबूत असताना, विशेषतः पसरलेल्या आजारात, बीआरएएफ व्ही६००ई (त्या जनुकातला एक ठरावीक बिघाड) हे वाईट लक्षण आहे. एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब या औषधांची जोडी २०१९ च्या बीकन अभ्यासानंतर अशाच रुग्णांसाठी वापरात आली. परंतु एमएसआय-हाय गाठीत, आजार पसरण्याआधीच्या टप्प्यात, बीआरएएफचा तो वाईट परिणाम बहुतांशी दिसत नाही. एमएसआयचा चांगुलपणा वरचढ ठरतो. आईच्या बाबतीत ही तपासणी भविष्य पाहण्यासाठी केलेलीच नव्हती. तिचा प्रश्न वेगळा होता : एमएलएच१ जे गेले, ते जन्मतः मिळालेल्या दोषामुळे की वयोमानाने?

जन्मजात असेल तर त्याला लिंच सिन्ड्रोम म्हणतात. तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि मग घरातील तरुणांनाही विशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागते. वयोमानाने असेल तर एमएलएच१ जनुकाचे बटण मेथिलेशनमुळे (जनुकावर चढलेल्या रासायनिक खुणांमुळे) बंद झालेले असते, आणि अशा गाठींत बीआरएएफ व्ही६००ई पुष्कळदा सापडतो. लिंचच्या गाठींत तो जवळजवळ कधीच नसतो. उतारवयातील स्त्री, उजवी बाजू, एमएलएच१ गेलेले, बीआरएएफ सापडलेला, हे ठरलेले चित्र आहे. 'डिटेक्टेड' हा शब्द तुमच्या घरात मुलाबाळांच्या बाजूने लागला आहे.

आगोट (कुडाळ)

पाणंद, आईंना सांगा. रुग्णाला कागद लपवलेला कळतो. जांभा यांच्या लिहिण्यात एक भर घालते : लिंच नसला तरी सख्ख्या नात्यात आजार झाला आहे, त्यामुळे तुम्हा भावंडांपैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांनी एकदा कोलोनोस्कोपी करून घ्यावी. आणि हे सगळे आकडे शंभर रुग्णांचा हिशेब असतात. आईंसारख्या शंभरजणींत बहुतेकींचा आजार उलटत नाही, हे कागद सांगतो. ज्या थोड्यांचा उलटतो त्या कोण, हे सांगत नाही. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत.

काजरा (राजापूर)

जांभा यांचे उत्तर दोनदा वाचले. भावाच्या फाइलमध्ये चारही प्रथिने शाबूत होती, हे आज काढून पाहिले. पाणंद, तुमच्या आईचे वेगळे आहे. सांगून टाका त्यांना.

पाणंद (देवगड)

काल संध्याकाळी पडवीत बसून आईला सगळे सांगितले. मामांना फोनवर घेतले होते. 'पुअरली'चे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि मग केमोचा विषय स्वतःच सोडला. आईने एवढेच विचारले, की मुलांना होणार नाही ना. तिला माझ्या मुलीची काळजी होती आणि आम्ही इतके दिवस तिच्या आकड्यांत गुंतलो होतो.

डॉक्टरांना आज भेटलो. केमो नाही. सीईए दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. वर्षाने सीटी आणि कोलोनोस्कोपी. हिमोग्लोबिन १०.४ वर आले आहे. मी ४४ वर्षांचा आहे, माझी कोलोनोस्कोपी पुढच्या महिन्यात कोल्हापूरलाच ठरवली. रातांबा, तुमच्या सांगण्याप्रमाणे वही केली आहे. पहिल्या पानावर ११.२ आणि २.४ हे दोन आकडे तारखांसह लिहिले.

ओवळ (मालवण)

काकांची चारही प्रथिने शाबूत आली. सोमवारपासून रेडिएशन सुरू करायला ते तयार झाले आहेत. राहण्याची सोय शोधतो आहोत, गोव्यात बांबोळीजवळ कोणाला माहिती असेल तर कळवावे.